पूर्व भागातल्या बायका बीपीच्या गोळ्या मध्येच का सोडतात, आणि तिथे 'नज' कितपत चालतो

सोलापूरच्या पूर्व भागातल्या एका आरोग्य केंद्रात तुम्ही काम करता. तपासणीत बीपी निघालेल्या विडी कामगार बायका पहिले एक-दोन महिने गोळ्या नेतात आणि मग येईनाशा होतात. पोस्टर लावून झाली, व्याख्यानं झाली, आशाताई घरोघरी जाऊन सांगून आल्या, तरी फरक नाही. आता वरिष्ठांनी कुठल्याशा प्रशिक्षणात 'नज'बद्दल, म्हणजे सक्ती न करता मांडणीतल्या छोट्या बदलाने वागणूक वळवण्याबद्दल ऐकलं आणि दोन सूचना केल्या: न येणाऱ्यांची नावं केंद्राबाहेर फळ्यावर लिहा, किंवा तारीख चुकवली की दहा रुपये घ्या. यातलं काय करावं आणि या वर्तनशास्त्रात खरंच काही दम आहे का, असं तुम्ही विचारलंत. जाता जाता स्वतःचा पगार वीस तारखेला संपतो, त्यावर काही उपाय आहे का, हेही विचारलंत. त्यावर शेवटी येते.

सार्वजनिक आरोग्याच्या कार्यक्रमांत मी बरीच वर्षं हेच काम करते आहे: सेवा आहे, मोफत आहे, तरी लोक ती घेत का नाहीत हे शोधायचं आणि मांडणी बदलून बघायची. आधी सरळ उत्तर देते. दोन्ही सूचना बाजूला ठेवा. शास्त्रात दम आहे, पण प्रशिक्षणात सांगतात तेवढा नाही.

तुमच्या आतापर्यंतच्या सगळ्या उपायांमागे एकच समजूत आहे, की बायकांना बीपीचं गांभीर्य कळलेलं नाही. ते खरं आहे का, हे त्यांनाच विचारून बघा. मी ज्या घरांत जाऊन बसले आहे तिथे 'बीपी वाढलं की लकवा मारतो' हे बहुतेकींना पाठ असतं, कारण गल्लीतलं कुणीतरी तसं पडलेलं असतं. गोळी रोज घ्यायची हेही ठाऊक असतं. जावं असंही वाटत असतं. म्हणजे माहिती आहे, इच्छा आहे, आणि तरी पाय केंद्राकडे वळत नाहीत. अडचण या दोन्हींच्या पुढे कुठेतरी आहे, आणि चौथं पोस्टर तिथवर पोचत नाही.

त्याआधी एक अवघड प्रश्न. तुमच्या केंद्रात गेल्या सहा महिन्यांत बीपीच्या गोळ्या कितीदा संपल्या? कामावर पाणी सोडून आलेल्या बाईला 'साठा आला नाही, पुढच्या आठवड्यात बघा' असं एकदा जरी ऐकावं लागलं असेल, तर तिचं पुन्हा न येणं हा तिच्या स्वभावाचा दोष नव्हे. हा प्रश्न साठ्याचा आहे आणि तो औषध भांडारात सुटतो. आपल्याकडे २०१७च्या अखेरीस उच्च रक्तदाब नियंत्रणाचा राष्ट्रीय पातळीवरचा उपक्रम सुरू झाला, त्याच्या पहिल्या पाच राज्यांत महाराष्ट्र होता. त्याचा भर कशावर होता बघा: सगळ्या केंद्रांत एकच सोपा औषधक्रम, तीच मोजकी औषधं भरपूर साठ्यात, एका वेळी तीस दिवसांच्या गोळ्या, त्या घराच्या जवळ मिळण्याची सोय, आणि कोण आलं नाही हे लगेच कळेल अशी नोंद. यात समजावून सांगण्याचा भाग फार थोडा आहे. आधी हे सगळं तुमच्याकडे आहे का ते पाहा. नसेल, तर माझं पुढचं सगळं उत्तर नंतर वाचा.

असेल तर पुढे जाऊ. माझ्या कामाची पहिली पायरी कायम एकच असते: ज्याची वागणूक बदलायची आहे त्याचा दिवस तासातासाने लिहून काढायचा.

साखर पेठेच्या पलीकडच्या एका गल्लीतलं घर धरा. रात्री भिजवून फडक्यात गुंडाळलेली पानं सकाळी सोडायची, पत्र्याचं माप ठेवून कात्रीने एकेक पान कापायचं, मग मांडीवर सूप घेऊन बसायचं. चिमूटभर तंबाखू, वळण, तोंड दुमडणं, दोरा. हात एकदा लयीला लागला की बाई उठायला तयार नसते, कारण हजार विड्यांना जवळपास सबंध दिवस जातो आणि मजुरी हजारावर मिळते. मग कट्टे बांधून ठरल्या वेळी कारखान्यावर नेऊन द्यायचे. तिथे खराब विड्या बाजूला काढतात, दुसऱ्या दिवसाची पानं आणि तंबाखू मिळते. ही वेळ चुकवून चालत नाही. आता यात तुमच्या केंद्राची सकाळची ओपीडी बसवून बघा. जाणं, केस पेपर, बीपी मोजायची रांग, डॉक्टर, मग गोळ्यांची रांग, परत येणं. दोन तास धरले तरी दीड-दोनशे विड्या गेल्या. गोळी फुकट आहे असं आपण म्हणतो. तिच्या हिशेबात तिची किंमत दीड-दोनशे विड्यांची मजुरी आहे.

त्यात पाण्याची पाळी. जिल्ह्यात ११७ टीएमसीचं उजनी धरण असूनही शहरातल्या बऱ्याच पेठांत नळाला रोज पाणी येत नाही, आणि येतं तेव्हा वेळेचा भरवसा नसतो. ज्या दिवशी पाणी, त्या दिवशी घरातल्या एका बाईला घर सोडता येत नाही. बॅरल, घागरी, टाकी, मग साठलेले कपडे. तुमची बीपीची तपासणी ठरलेल्या वारी असणार. वार पक्का, पाण्याची पाळी सरकती. महिन्यातून एकदा तरी दोन्ही एकमेकांवर येणार. "मंगळवारी यायचंच होतं अक्का, पन पानी आलं" हे वाक्य मी इतक्या घरांत ऐकलं आहे, की एका केंद्रात आम्ही न आलेल्यांची यादी आणि त्या भागाच्या पाण्याच्या पाळीचं वेळापत्रक शेजारी शेजारी मांडलं. गैरहजेरी गठ्ठ्याने होती ते बहुतेक दिवस पाण्याचे निघाले. केंद्रात तोवर कुणाच्या हे लक्षात आलं नव्हतं, कारण रजिस्टरमध्ये 'गैरहजर' या शब्दापुढे कारणाला रकानाच नव्हता.

आणि यापुढची पायरी तुमच्या फळ्याशी थेट जोडलेली आहे. एकदा तारीख चुकली की बाईला वाटतं, आता गेलं की सिस्टर सगळ्यांदेखत विचारणार, 'मागच्या महिन्यात कुठे होतीस?' ते ऐकायला नको म्हणून ती पुढचा महिनाही जात नाही. मग दोन महिने झाले म्हणून आणखी लाज. एका पाण्याच्या दिवसाने सुरू झालेली गैरहजेरी अशी सहा महिन्यांची होते. फळ्यावर नाव लागलं की ही लाज जाहीर होईल आणि ती बाई केंद्राचा रस्ता कायमचा सोडेल. शिवाय कुणाला कोणता आजार आहे हे तिच्या परवानगीशिवाय चव्हाट्यावर मांडायचा अधिकार आपल्याला नाही. हे एकच कारण पुरेसं होतं.

शास्त्राच्या बाजूनेही फळा उलटा पडतो. माणूस 'काय करावं' यापेक्षा 'बाकीचे काय करतात' याकडे जास्त पाहतो. अमेरिकेत ॲरिझोनाच्या एका राष्ट्रीय उद्यानात लोक अश्मीभूत लाकडाचे तुकडे उचलून नेत. 'आजवर कितीतरी जणांनी तुकडे नेले, त्यामुळे उद्यानाची हानी होते आहे' अशी पाटी लावल्यावर चोरी कमी होण्याऐवजी वाढली, कारण पाटीतून लोकांनी उचललं ते एवढंच, की सगळेच नेतात. न आलेल्या चाळीस बायकांची यादी गल्लीला हेच सांगेल. उलट, येणाऱ्या बायका खरोखर जास्त असतील तर ते जरूर सांगा. ब्रिटनच्या कर विभागाने थकबाकीदारांना 'दहापैकी नऊ जण कर वेळेवर भरतात' असं पत्रातून कळवलं, तेव्हा वसुली सुधारली. पण ते वाक्य खरं होतं. तुमच्याकडे दहापैकी चारच येत असतील तर तसं वाक्य लिहू नका. खोटा आकडा गल्लीत दोन दिवसांत उघडा पडतो आणि मग तुमच्या खऱ्या आकड्यांवरही कुणी विश्वास ठेवत नाही.

दंडाचं म्हणाल तर इस्रायलमधल्या हैफा शहरातला पाळणाघरांचा अभ्यास बघा, तो २००० साली प्रसिद्ध झाला. मुलांना उशिरा न्यायला येणाऱ्या पालकांना काही पाळणाघरांनी दंड लावला. उशीर कमी झाला नाही, जवळपास दुप्पट झाला, आणि दंड काढून घेतल्यावरही खाली आला नाही. आधी पाळणाघरातल्या बाई ताटकळल्या याचं पालकांना ओशाळं वाटत होतं. दंड आल्यावर ती विकत मिळणारी सोय झाली. तुमच्याकडे तर आणखी वाईट होईल. दहा रुपये द्यायला लागतील म्हणून चुकलेली बाई येणारच नाही, आणि नेमकी तीच बाई तुम्हाला परत हवी आहे.

बीपीची एक मूळची अडचणही आहे. दुखत नाही. गोळी घेतली तरी बरं वाटत नाही, सोडली तरी लगेच वाईट वाटत नाही. आजची मजुरी हातातून जाते हे डोळ्यांसमोर असतं. दहा वर्षांनी येऊ शकणारा लकवा 'कदाचित'मध्ये असतो. डॅनियल कानमन आणि एमॉस ट्वर्स्की यांनी १९७९ साली मांडलं, की तेवढ्याच फायद्यापेक्षा नुकसान माणसाला जास्त बोचतं. त्याला जोडून 'आज' हे 'उद्या'पेक्षा फार मोठं दिसतं, हेही अनेक प्रयोगांत दिसलं आहे. यात विडी कामगार बाई आणि तुमचे वरिष्ठ यांच्यात काही फरक नाही. वरिष्ठांना मात्र पगारी रजा आहे, नळाला मोटर आहे आणि डॉक्टर ओळखीचा आहे, म्हणून त्यांची चालढकल निभावून जाते.

आता चालतं काय. या विषयात मला सगळ्यात जवळचा वाटणारा प्रयोग राजस्थानातल्या उदयपूर जिल्ह्यातला आहे. अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि सहकाऱ्यांनी तो १३४ गावांत केला, २०१० साली प्रसिद्ध झाला. जिथे काहीच वेगळं केलं नाही तिथे पूर्ण लसीकरण झालेली मुलं ६ टक्के होती. काही गावांत दर महिन्याला न चुकता ठरल्या दिवशी शिबिर भरवलं, तिथे १८ टक्के. आणखी काही गावांत तेच शिबिर आणि शिवाय प्रत्येक लसीला एक किलो डाळ, सगळ्या लसी पूर्ण झाल्या की ताटांचा संच, तिथे ३९ टक्के. ही गोष्ट सांगताना लोक डाळीवर थांबतात. मला दोन गोष्टी जास्त महत्त्वाच्या वाटतात. एक, नुसतं 'सांगितल्या दिवशी नर्स हजर असेल' एवढ्या भरवशाने प्रमाण तिप्पट झालं. दोन, डाळ देऊनही पूर्ण लसीकरण झालेल्या मुलामागचा खर्च साधारण निम्म्यावर आला, कारण नर्सचा दिवसभराचा पगार तोच आणि मुलं जास्त. तरीही ३९ म्हणजे ३९च. साठाहून जास्त टक्के मुलं राहिलीच, हे विसरू नका.

हे तुमच्या केंद्रात कसं आणायचं? मी असते तर सुरुवात जागेपासून केली असती. बायका रोज कुठे जातातच? कारखान्यावर विड्या द्यायला. तिथे त्या रांगेत थांबलेल्याही असतात. कारखान्याच्या व्यवस्थापनाशी बोलून आठवड्यातून एक दिवस बीपीचं यंत्र आणि गोळ्यांची पेटी घेऊन एएनएम (केंद्रातली परिचारिका) तिथे बसली, तर बायकांचे दोन तास वाचले. पण इथे परिस्थितीवर फार अवलंबून आहे. काही ठिकाणी मालकासमोर आजार दिसायला नको असतो. 'हात कापतो, विडी नीट येत नाही' असा शिक्का बसेल अशी भीती असते. अशा वेळी कारखान्याजवळच्या देवळाचा ओटा किंवा समाजमंदिर बरं. बायकांनाच विचारा, आणि मालकाच्या माणसासमोर विचारू नका.

जागा बदलणं जमत नसेल तर वेळ बदला. सकाळऐवजी संध्याकाळी, विड्या देऊन परत येण्याच्या वाटेवर. तेही जमत नसेल तर निदान तारीख पाण्याच्या पाळीला जोडा: 'पाणी येऊन गेलं की दुसऱ्या दिवशी या.' तारखेपेक्षा ही खूण त्यांच्या डोक्यात जास्त पक्की असते. पाळी सरकली तर खूणही आपोआप सरकते, नवीन कार्ड छापावं लागत नाही. पूर्व भागात घरातलं बोलणं बहुतेक तेलुगूत होतं आणि आपली कार्डं मराठीत असतात. अनेकींना मराठी बोलता येतं, वाचता येत नाही. म्हणून पुढची वेळ तिच्याच तोंडून वदवून घ्या: "अक्का, पुढच्या वेळी कधी येणार? कुणाबरोबर? घरी सुपाजवळ कोण बसणार?" एवढे तीन प्रश्न, तिच्या भाषेत. आशाताई त्याच गल्लीतल्या असतील तर त्यांना हे सहज जमतं.

हे नुसतं गोड बोलणं नाही, त्याला आधार आहे, आणि त्या आधाराचा आकारही सांगायला हवा. अमेरिकेतल्या एका कंपनीत कर्मचाऱ्यांना फ्लूच्या लसीचं पत्र पाठवलं. काहींच्या पत्रात 'तुम्ही कोणत्या दिवशी, किती वाजता जाणार' ते स्वतःच लिहायला जागा होती. साध्या पत्रावर ३३ टक्के लोकांनी लस घेतली, तारीख-वेळ लिहायला लावलेल्या पत्रावर ३७ टक्के. चार टक्क्यांचा फरक. हजार बायकांमागे चाळीस. एका वाक्याच्या खर्चात चाळीस बायका मिळत असतील तर मी ते वाक्य आनंदाने घेईन. पण त्या एका वाक्याने केंद्र भरून जाईल असं वरिष्ठांना सांगणार नाही.

आकाराबद्दल एवढं बोलते याला कारण आहे. २०२२ साली दोन संशोधकांनी अमेरिकेतल्या दोन सरकारी 'नज' विभागांचे सगळे प्रयोग एकत्र केले, १२६ प्रयोग आणि सुमारे २ कोटी ३० लाख माणसं. विद्यापीठांच्या प्रसिद्ध झालेल्या निबंधांत सरासरी परिणाम ८.७ टक्क्यांच्या फरकाचा दिसत होता. सरकारी विभागांच्या प्रयोगांत तो १.४ निघाला. निबंधांत मोठे परिणाम जास्त छापून येतात, छोटे कपाटात राहतात, हे त्यामागचं मोठं कारण. प्रशिक्षणातल्या स्लाइडवर साहजिकच मोठे आकडे असतात. एक गाजलेला निबंध तर मागेच घ्यावा लागला: फॉर्मच्या तळाऐवजी वरच्या बाजूला सही घेतली की लोक खरं लिहितात, असं २०१२ साली छापून आलं होतं, आकड्यांबद्दल गंभीर शंका आल्यावर २०२१ साली तो मागे घेतला गेला. म्हणून कुणी 'संशोधनाने सिद्ध झालंय' म्हणालं की मी विचारते: कुठे, कुणावर, किती फरक पडला, आणि दुसऱ्या कुणाला तो परत दिसला का?

हे चारही प्रश्न आपल्या उसाच्या जिल्ह्याला जवळचा वाटेल अशा एका अभ्यासालाही लावते. तामिळनाडूतल्या ४६४ ऊस उत्पादकांना तोडणीच्या आधी, म्हणजे हाती पैसा नसताना, आणि बिल मिळाल्यानंतर त्याच प्रकारची कोडी सोडवायला दिली. तेच शेतकरी आधी कमी पडले, नंतर बरे ठरले. २०१३चा हा अभ्यास फार गाजला, चणचण डोक्याची जागा व्यापते असा त्याचा अर्थ लावला गेला. मग अमेरिकेत कमी उत्पन्नाच्या कुटुंबांवर पगाराच्या आधी आणि नंतर तशाच चाचण्या घेतल्या, तर बुद्धीच्या चाचण्यांत फरक दिसला नाही. म्हणून 'गरिबीने अक्कल कमी होते' असं मी कधीही म्हणणार नाही आणि तुम्हीही कुणाला म्हणू देऊ नका. मी त्यातून एवढंच घेते, की पैसा हातात असतानाची वेळ आणि नसतानाची वेळ एकसारखी नसते. त्याला केनियातला एक प्रयोग दुजोरा देतो: कापणी झाल्या झाल्या, पैसे हातात असताना शेतकऱ्यांना खत तेव्हाच घेऊन टाकायची आणि ते मोफत घरपोच मिळायची सोय दिली, तर खताचा वापर बराच वाढला. माळशिरस-माढ्याकडच्या शेतकऱ्याकडून ठिबक सिंचनाच्या खर्चातला त्याचा हिस्सा मागायचा असेल तर उसाचं बिल खात्यात पडतं त्या आठवड्यात मागा. जूनमध्ये शाळेचे दप्तर-गणवेश आणि पेरणी एकदम आलेली असताना मागू नका. अर्ज तोच, माणूस तोच, महिना वेगळा.

तुमच्या बायकांच्या बाबतीतही मजुरी हातात पडते तो दिवस कोणता हे विचारून ठेवा. रिक्षाने यायला लागणारे वीस-तीस रुपये त्या दिवशी असतात, आदल्या दिवशी नसतात.

मग डाळीचं काय, असं तुम्ही विचाराल. केंद्राला कुठून निधी मिळाला तर द्यायला माझी हरकत नाही. गरीब बाईला तिच्या बुडालेल्या वेळेचं थोडं देणं ही लाच नव्हे. पण लसी मोजक्या असतात, एकदा पूर्ण झाल्या की झाल्या. बीपीची गोळी आयुष्यभराची आहे. निधी दोन वर्षांनी संपला की डाळीसाठी येणारी बाई राहील का, याचं उत्तर मी तुम्हाला खात्रीने देऊ शकत नाही. म्हणून तुमच्या जागी मी पैसा भेटवस्तूवर न घालता दुसरं बीपी यंत्र, संध्याकाळची एक पाळी आणि दोन महिन्यांच्या गोळ्या एकदम देण्याची वैद्यकीय अधिकाऱ्यांची परवानगी यांवर घातला असता. ज्यांचं बीपी स्थिर आहे त्यांना दोन महिन्यांच्या गोळ्या दिल्या तर वर्षाच्या बारा फेऱ्यांच्या सहा होतात. हा निर्णय डॉक्टरांचा आहे, पण तो विचारायचं काम तुमचं.

यातलं जे काही कराल ते एकदम सगळीकडे करू नका. तुमच्याकडे समजा सहा आशांचे विभाग आहेत. चिठ्ठ्या टाका. तीन विभागांत 'पाण्याच्या दुसऱ्या दिवशी'ची पद्धत सुरू करा, तीन विभागांत जुनी तशीच ठेवा, आणि तीन महिने बघा. विभाग स्वतः निवडू नका. आपण नकळत उत्साही आशाताईंचे विभाग नव्या पद्धतीला देतो आणि मग यश पद्धतीचं की ताईंचं हे कळत नाही. नुसती 'आधी किती, नंतर किती' तुलनाही फसवी असते. संक्रांतीला सिद्धेश्वराची गड्डा यात्रा असते, घरोघर पाहुणे असतात, जानेवारीत हजेरी खाली येणारच. फेब्रुवारीत ती वर आली तर तो तुमच्या कार्डाचा पराक्रम नसतो. सहा विभाग ही संख्या लहान आहे, त्यामुळे छोटा फरक दिसला तर त्यावर फार बांधू नका. मोठा दिसला तर शेजारच्या केंद्राला सांगा आणि त्यांनाही चिठ्ठ्या टाकायला लावा.

मोजायचं काय हेही आधीच ठरवा. हजेरी मोजणं सोपं आहे, म्हणून सगळे तीच मोजतात. आपल्याला हवं आहे ते १४०/९०च्या खाली आलेलं बीपी. हजेरी वाढली आणि बीपी हललं नाही, तर गोळ्या घरी जाऊन डब्यात पडताहेत किंवा डोस पुरत नाही, आणि तो शोध वेगळा. आणि रजिस्टरमध्ये 'न येण्याचं कारण' हा रकाना आजच आखा. कारण तिच्या शब्दांत लिहा. 'रुग्ण उदासीन' असं लिहिलेलं रजिस्टर कुणाच्या काही कामाचं नाही.

या शास्त्राबद्दल एक काळजी मला कायम असते, ती तुम्हालाही असावी. 'नज' स्वस्त असतो म्हणून सरकारी यंत्रणेला तो फार आवडतो. पाणी रोज देणं महाग आहे, कार्डावर पाण्याचं चित्र काढणं स्वस्त. मी वर सुचवलेलं सगळं हे पाणी रोज येत नाही तोवरचं आहे. महापालिकेच्या बैठकीत संधी मिळाली तर तुमच्या दोन याद्या, गैरहजेरीची आणि पाण्याच्या पाळीची, शेजारी ठेवून दाखवा. अनियमित पाण्याची किंमत आरोग्याच्या आकड्यांत दिसते हे तिथे बसलेल्यांना कळायला हवं. आणि कुठलीही युक्ती वापरण्यापूर्वी मी स्वतःला एक विचारते: मी हे असं का केलं, हे त्या बाईला तिच्या समोर बसून सांगू शकेन का? पाण्याच्या दुसऱ्या दिवशी का बोलावलं, हे सांगता येतं. खोटा आकडा का सांगितला, हे सांगता येत नाही.

आता तुमचा पगार. हिशेबाची वही, खर्चाचं ॲप, निर्धार, हे सगळं तुम्ही करून पाहिलं आहे असं लिहिलंत. मग तोच न्याय स्वतःला लावा: माहिती आहे, इच्छा आहे, अडचण पुढे आहे. पैसे खात्यात पडल्यापासून रोज 'आज खर्च करू की ठेवू' हा प्रश्न समोर उभा राहतो आणि महिन्यात तीस वेळा त्याला बरोबर उत्तर द्यावं लागतं. तो प्रश्न एकदाच सोडवा. बँकेत आवर्ती ठेव काढा आणि तिची तारीख पगाराच्या दुसऱ्या दिवसाची ठेवा, म्हणजे रक्कम तुमच्या डोळ्यांसमोर फार काळ राहणार नाही. रक्कम इतकी छोटी धरा की पहिल्या महिन्यात मोडावीशी वाटणार नाही. रिचर्ड थेलर आणि श्लोमो बेनार्त्झी यांनी अमेरिकेतल्या एका कारखान्यात 'आत्ता काही कापत नाही, पुढची पगारवाढ झाली की तिच्यातून कापू' अशी योजना दिली. सामील झालेल्यांची बचत चाळीस महिन्यांत पगाराच्या ३.५ टक्क्यांवरून १३.६ टक्क्यांवर गेली. त्यांनी ती स्वतःहून निवडली होती, तेव्हा सगळ्यांना एवढं जमेल असं धरू नका. पण तुमच्या वार्षिक वेतनवाढीचा महिना ठरलेला असेल तर आजच ठरवून ठेवा, की त्या महिन्यापासून वाढीतल्या एवढ्या रकमेची आणखी एक आवर्ती ठेव सुरू करायची.

तुमच्या आईची भिशी आहे, ती बंद करायला सांगू का, असंही विचारलंत. आकड्यांत पाहिलं तर भिशीवर व्याज नाही, आणि चालवणारी विश्वासू नसली तर पैसे बुडण्याचा धोका आहे. पण दर महिन्याला दहा ओळखीच्या बायकांसमोर पैसे टाकायचेच, ही सक्ती तिला हवी म्हणून तिने ती धरली आहे. फिलिपिन्समध्ये एका बँकेने स्वतः ठरवलेल्या तारखेपर्यंत किंवा ठरवलेली रक्कम जमेपर्यंत पैसे काढताच येणार नाहीत असं खातं दिलं, तेव्हा ज्यांना ते देऊ केलं त्यांच्यापैकी चौथ्या हिश्शाहून अधिक लोकांनी स्वतःहून घेतलं, जास्त व्याज नसतानाही. भिशी तीच गरज भागवते. चालवणारी बाई गल्लीतलीच, वर्षानुवर्षांची असेल तर राहू द्या, फक्त एका भिशीत महिन्याच्या बचतीपैकी निम्म्याहून जास्त घालू नका असं सांगा. उरलेल्या निम्म्याचं आवर्ती खातं तिच्या नावाने काढा, तुमच्या नावाने नको, आणि पहिल्यांदा बँकेत तिच्याबरोबर जा.